अडतिसाव्या दिवशी सोमवार निघाला

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं आणि उद्यान बंद म्हणजे आतली कान्हेरीची लेणीही बंद. मुंबईत कुणालाही विचारा, सांगेल. मी मुंबईत पंचेचाळीस वर्षं राहतोय आणि मला हे माहीत नव्हतं. सदतीस दिवसांचा प्रवास, सत्तावीस ठिकाणची लेणी, पाठीवर दोन सॅक आणि बरोबर बायको, एवढं सगळं घेऊन मी त्या बंद दारापाशी बरोब्बर सोमवारी सकाळी सव्वासात वाजता जाऊन उभा राहिलो.

आमच्याबरोबर जे आले नव्हते त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून आधी थोडं मागचं सांगतो.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो. छत्तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या मशीनच्या धडधडाटात काढली. त्या छत्तीस वर्षांनी मला पेन्शनबरोबर बहिरेपणही दिलं. अगदी ठार बहिरा नाही मी. ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, पुरुषमाणूस खर्जात बोलला तर तोही ऐकू येतो. चिमण्या, कुकरची शिट्टी आणि माझी बायको मात्र ऐकू यायची नाही. उंच पट्टीतलं सगळं गेलं, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. मुलीनं कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते लावलं की भांडी घासल्याचा आवाज डोक्यात शिरायचा आणि माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यायचा. चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. मी हट्टी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय.

माझ्या बायकोचं नाव कमल. कन्नमवारनगरच्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना तीच सुरू करायची. तिचा आवाज फार उंच आणि फार गोड आहे, असं लोक सांगायचे. लोक सांगायचे तेव्हा मी मान हलवायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या गळ्यात गाठ निघाली. तपासणीत ती साधी निघाली, जिवाला धोका नव्हता. पण वाढून श्वासनलिकेवर दाबायला लागली होती, त्यामुळे काढावी लागणार होती. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की गाठीला चिकटून आवाजाची नस जाते, आम्ही जपूनच काम करू, पण आवाज बदलू शकतो, वरचे सूर जाऊ शकतात. ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. कमलनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर चहा टाकता टाकता माझ्याकडे तोंड करून, मला ओठ दिसतील अशा बेतानं म्हणाली, "तोवर मला लेण्यांत गायचंय."

फार वर्षांपूर्वी विहाराची सहल कार्ल्याला गेली होती. तिथल्या चैत्यात ती गायली तेव्हा मागून कुणीतरी साथ देतंय असं तिला वाटलं होतं. पण तेव्हा गर्दी होती, कुणी सेल्फी काढत होतं, कुणाचं पोर रडत होतं. आता तिला अशी लेणी हवी होती, जिथे कुणी जात नाही. "आणि शेवटी कान्हेरी," ती म्हणाली. "ते काय, घरचंच आहे." टेकडीच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला कान्हेरी. घरचं म्हणूनच आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो.

आमची मुलगी सुजाता मुलुंडला असते. तिनं तिच्या ट्रेकिंगच्या दोन सॅक आणून दिल्या, पट्टे कसे आवळायचे ते शिकवलं आणि डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, वजन खांद्यावर नाही, कमरेवर घ्यायचं." मी तिला म्हटलं, वजन कुठे घ्यायचं ते फिटरला शिकवू नकोस. तिसऱ्या दिवशी खांदे सोलवटले तेव्हा पट्टा कमरेवर घेतला.

तर अशी आमची यात्रा निघाली. एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि पुढे पायी. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरलो. ठाणाळ्याच्या जंगलात माझ्या बुटाचा तळ निघाला, तो सुतळीनं बांधून पुढचा सगळा प्रवास काढला. पन्हाळेकाजीला नदीकाठी आम्ही दोघंच, तिसरं माणूस नाही. विहारात झोपलो, शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, एकदा एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलाशेजारी झोपलो. आमचं मूळ गाव जालन्याकडचं, त्यामुळे ज्वारीची भाकरी आणि ठेचा म्हणजे जेवण. कोकणात उतरल्यावर तांदळाची भाकरी पानात आली. कमलनं ती मोडून बघितली आणि म्हणाली, "ही तर मानी बाई दिसते, लगेच रुसून कडक होते." बोलताना ती माझ्याकडे का बघत होती, ते मी विचारलं नाही.

प्रत्येक लेण्यात आमचं ठरलेलं होतं. मी खिशातली टेप काढून मोजायला लागायचो. खांबांमधलं अंतर, टाक्याची खोली, दाराची चौकट. दगडावरचे छिन्नीचे घाव बोटांनी चाचपायचो. ज्यांनी हे कोरलं ते माझ्यासारखेच कामगार होते, त्यांचं काम बघायला मला आवडायचं. काही खोल्यांमध्ये चार कोपऱ्यांत मिळून अर्ध्या सुताचाही फरक नव्हता. तेवढ्यात कमल आत जाऊन हात जोडायची आणि त्रिसरण-पंचशील म्हणायची. जोडलेल्या हातांवरून मला ते कळायचं. मग हात सोडायची आणि डोळे मिटून गायची. दहा मिनिटं, कधी पंधरा. तिचा गळा हलताना दिसायचा. गाठही हलताना दिसायची. ऐकू मात्र काही यायचं नाही, फार तर कुठेतरी लांब बारीक काहीतरी चाललंय असं वाटायचं. डोळे उघडले की ती माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचो, "झकास!" सत्तावीस वेळा म्हणालो. काय गातेस, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही मोजा."

आता सोमवारचं सांगतो. मी घरून निघतानाच वहीत सगळा कार्यक्रम लिहून काढला होता. त्यात कान्हेरी रविवारी होती. पण कुड्याची लेणी बघून आल्यावर खालच्या गावात कमल वाल सोलणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली आणि संध्याकाळी म्हणाली, आज नको निघू या. तिला इतकं हसताना मी खूप दिवसांनी बघत होतो. मी वही काढली आणि पुढचं सगळं एकेक दिवस पुढे सरकवलं. कान्हेरीसमोरची तारीख खोडून दुसरी घातली. आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. छत्तीस वर्षं माझ्या डोक्यात आठवडा म्हणजे गुरुवार आणि बाकीचे सहा. जग कधी बंद असतं, तर गुरुवारी. रविवार पुढे सरकला की सोमवार होतो आणि सोमवारीही काही बंद असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

बोरिवली

आदल्या संध्याकाळी नालासोपाऱ्याचा स्तूप बघून तिथल्या एका विहारात मुक्काम केला होता. तिथून सकाळी लवकर निघून दारापाशी आलो, तर चिटपाखरू नाही. मला वाटलं, वा, आज गर्दी नाही. कमलनं केस विंचरून पांढरी साडी नेसली होती. अडतीस दिवस ती साडी सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती.

आतून सिक्युरिटीवाला आला. चाळिशीचा असेल, मफलर गुंडाळलेला. काहीतरी बोलला.

"काय?" मी.

कमलनं माझ्या बाहीला धरून स्वतःकडे वळवलं. "आज सोमवार आहे. सोमवारी बंद असतं, म्हणतायत."

मग मी जे केलं त्याची मला आता लाज वाटते. मी त्या माणसावर आवाज चढवला. सिनियर सिटिझन आहोत, अडतीस दिवस चालत आलोय, उद्या सकाळी आठ वाजता हिला ॲडमिट करायचंय, परवा ऑपरेशन, आता नाही तर कधीच नाही. तारीख पुढे ढकलायची तर परत दोन महिने थांबावं लागेल आणि तेवढं थांबू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. सगळं एका दमात सांगितलं. बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाजवळ येऊन जाड आवाजात म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं ना, तर मी स्वतः काकूंना वर सोडून आलो असतो. पण नाय सोडू शकत. जनावरांना पण एक दिवस शांत द्यायला लागतो ना."

त्याचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर अर्ध्या सुताचा फरक पकडला, त्याला एक वार मोजता आला नाही.

कमल फुटपाथवर सॅक टेकवून तिच्यावर बसली होती. तिनं भांडावं, ओरडावं असं मला फार वाटत होतं. तिनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, एक स्वतः घेतलं आणि एक माझ्यापुढे धरलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती बंद दाराकडे बघत होती. मी ते बिस्कीट तसंच हातात धरून उभा राहिलो.

सिक्युरिटीवाल्यानं आतून तिघांसाठी चहा आणला. चहा पिता पिता कमलशी काहीतरी बोलला. तिनं मान वर केली, दोन-तीनदा विचारून घेतलं आणि मग मला सांगितलं, "मागाठाण्याला पण लेणं आहे म्हणे. हायवेच्या पलीकडे, वस्तीत. फार काही उरलेलं नाही, पण आहे."

"तिथं आवाज घुमेल का?"

"चला तर," ती म्हणाली आणि सॅक पाठीला लावली.

मागाठाणे

मेट्रोच्या पुलाखालून हायवे ओलांडला आणि विचारत निघालो. मागाठाणे म्हटलं की बोरिवलीतला प्रत्येक माणूस बस डेपोकडे बोट दाखवतो. चार जणांनी आम्हाला डेपोत पाठवायचा प्रयत्न केला. लेणी म्हटलं की, "कान्हेरी? आज बंद आहे हां!" हे सगळ्यांना पाठ. पाचव्या माणसापर्यंत माझं डोकं तापलं होतं. शेवटी एका इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली, गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि वळणं हातानं करून दाखवली.

एवढ्या प्रवासात आम्ही डोंगर चढून, नद्या ओलांडून लेण्यांपर्यंत गेलो. हे लेणं एका नळाच्या पाइपवरून उडी मारून लागलं. घरांच्या भिंती त्याला जवळजवळ टेकलेल्या. दगड ठिसूळ, पावसापाण्यानं खाल्लेला, खांब बारीक झालेले. आत भिंतीवर बसलेली बुद्धमूर्ती आहे, पण चेहरा झिजून गेलाय. डोळे कुठे होते, ते आपण ठरवायचं. दोन खांबांना दोरी बांधून त्यावर एक फुलाफुलांची चादर वाळत घातली होती.

सवयीनं मी टेप काढली आणि चौकटीला लावली. मागून कुणीतरी माझा दंड पकडला. साठीच्या पुढची एक बाई, गाऊनवर टॉवेल टाकलेला, तावातावानं बोलत होती. तिच्यामागे आणखी तीन बायका. मला ओठही वाचता येईनात. कमल पुढे झाली आणि मग हसायलाच लागली.

"त्यांना वाटलं तुम्ही सर्व्हेवाले. रिडेव्हलपमेंटची मापं घ्यायला आलात."

त्या बाईंना ते पटेना. टेपकडे बोट दाखवून त्या माझ्यापुढे मोठ्यानं म्हणाल्या, "आमचे सगळे पेपर आसत हां! मापा घेवची नाय!"

मी टेप खिशात घातली. वर दोन्ही हात रिकामे करून दाखवले. सत्तावीस लेणी मोजली, हे एक न मोजलेलं राहिलं.

त्या मावशींचं माहेर मालवणकडचं. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर रिक्षा चालवली, आता नाही. कमलनं त्यांना सगळं सांगितलं, अगदी सोमवारपर्यंत. मावशींनी कमलच्या गळ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "थांबा गो बाय, चादर काढतंय मी आधी," म्हणत त्यांनी दोरी सोडली. मग मूर्तीपुढची जागा टॉवेलनं पुसली. त्यांची सासू रोज संध्याकाळी इथे दिवा लावायची म्हणे. हा देव कोण, ते सासूला माहीत नव्हतं. आता मावशी लावतात.

"हो बुद्ध आसा, ता माका नातवान सांगितल्यान," त्या म्हणाल्या. "पण दिवो तोच." कमलनं हे मला सावकाश, शब्द शब्द करून सांगितलं.

मग मावशी एकदम मूर्तीपुढे उभ्या राहिल्या, हात जोडले आणि मोठ्यानं बोलायला लागल्या. कोकणात देवापुढे असं गाऱ्हाणं घालतात. जे काय हवंय ते देवाला खणखणीत सांगायचं आणि बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचं. मावशींचा आवाज घोगरा होता, म्हणून बराचसा मला ऐकू येत होता. "बा म्हाराजा, ही लेकरां दूरसून तुझ्या दाराक इलीत... ह्या बायच्या गळ्याचा दुखणा दूर कर... तिचो आवाज आसा तसो ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," तिन्ही बायका.

मी कमलच्या कानाशी गेलो. "अगं, आपण मागणं मागत नाही. बुद्धापुढे कसलं गाऱ्हाणं?" आमच्या घरात ह्या गोष्टीला फार महत्त्व आहे. माझ्या वडिलांनी घरातले देवांचे टाक उचलून नदीत सोडले, तेव्हापासून आम्ही कुणापुढे काही मागितलेलं नाही. कमलनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. ओठ न हलवता सांगायच्या गोष्टी तिला चांगल्या सांगता येतात. मावशी दुसऱ्यांदा म्हणाल्या, तिचो आवाज ऱ्हवांदे. आणि मी, जो कधी देवळाची पायरी चढला नाही, सगळ्या बायकांपेक्षा मोठ्यानं म्हणालो, "होय महाराजा!" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मी टेपच्या खिशातल्या रुमालानं पुसलं. रुमालाला ऑइलचा वास येत होता.

मावशी बाजूला झाल्या. कमलनं हात जोडून त्रिसरण म्हटलं. मग हात सोडले आणि मागे वळून मला म्हणाली, "इकडे या. हात ठेवा माझ्या पाठीवर. मशीनला ठेवता तसा."

हे जरा सांगायला हवं. प्रेसशॉपमध्ये कान कामाचे नसतात, कुणाचेच नसतात. मशीन नीट चाललंय का, ते आम्ही तळहात ठेवून बघतो. बेअरिंग जायला लागलं की आवाज यायच्या आधी ते हाताला कळतं. तरुण होतो तेव्हा मी घरी येऊन कमलला हे फुशारकीनं सांगायचो. तिनं ते एवढी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

मी तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहात ठेवला. पांढरी साडी, तिच्याखाली हाडं. महिन्याभरात ती वाळली होती, ते मला तेव्हा कळलं. ती गायला लागली आणि माझ्या हाताला कळलं. बारीक, सलग थरथर. मधेच तुटायची, श्वास आत जायचा, परत सुरू व्हायची. एका ठिकाणी ती उंच गेली असणार, कारण थरथर पातळ होत होत जवळजवळ नाहीशी झाली आणि मला भीती वाटली. मग परत भरून आली. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून एवढं सुरेख चालणारं काही गेलं नव्हतं.

बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. हात तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, म्हातारा चारचौघांत बायकोच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे म्हणून हसतायत, हसू देत. मग पुढे कुठेतरी मावशी हसता हसता रडायलाच लागल्या आणि त्यांनी मला काहीतरी म्हटलं.

"काय म्हणाल्या?" मी गाणं संपल्यावर विचारलं.

"काही नाही," कमल म्हणाली. "चला, भूक लागली."

ह्या वेळी मी झकास म्हणालो नाही. तिनंही वाट बघितली नाही.

मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाळीदार घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आमच्याकडे उसळीत खोबरं भाजून घालतात, पण इतक्या सढळ हातानं नाही. मी सहा घावणे खाल्ले. कमलनं कुड्याहून आणलेले वाल मावशींच्या ओंजळीत घातले. त्या दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ बोलत होत्या. मी दाराबाहेर उभा राहून माझ्या सुतळी बांधलेल्या बुटाकडे बघत होतो आणि मनात एकच घोकत होतो, मी हिची कान्हेरी घालवली.

विक्रोळी

दुपारी घरी पोचलो. सुजाता डबा घेऊन आली होती. तिनं आईला मिठी मारली आणि मला म्हणाली, "पप्पा, केवढे काळे झालात!" दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडमिशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सगळं नीट झालं. गाठ साधीच निघाली. पण आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण तो जुना आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी थोडा सुधारेल, वरचे सूर येतील असं मात्र वाटत नाही. कमल एकदाच रडली, दवाखान्यातून घरी आल्यावर, उशीत तोंड घालून. आता विहारात वंदना दुसरी एक मुलगी सुरू करते. कमल मागच्या रांगेत बसते.

मी तिच्यापाशी माफी मागितली नव्हती. कितीदा मनाशी ठरवलं, पण शब्द तोंडातून बाहेर पडेनात.

ऑपरेशनला पंधरा-सोळा दिवस झाले होते. मी गॅलरीत वही घेऊन लेण्यांची मापं चांगल्या अक्षरात उतरवून काढत होतो. पाठ स्वयंपाकघराकडे होती. "अहो, दूध बघा जरा," असं कुणीतरी म्हणालं. मी उठलो, आत गेलो आणि गॅस बारीक केला.

कमल मेथी निवडत खाली बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच नाही का सांगितलंस?"

"माझं तोंड तिकडे होतं."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग तिनं मुद्दाम तोंड फिरवून भिंतीकडे बघत विचारलं, "तुमच्या बहिणीचं नाव काय?" मी सांगितलं. "काल भाजी कोणती होती?" मी सांगितलं. तिचा आवाज जाड झाला होता, खाली उतरला होता आणि माझ्या कानांत जेवढी जागा शिल्लक होती तिथे बरोबर पोचत होता. मला इतका आनंद झाला की त्याची मला लगेच लाज वाटली. तिचं जे गेलं होतं, ते माझ्याकडे आलं होतं. मी तिला तसं सांगितलंही. ती चिडली. "बरं झालं म्हणा ना सरळ!" म्हणाली. मग डोळे पुसले, मग हसली. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि त्या फाटक्या आवाजात, आमच्या जालन्याकडच्या बायका जात्यावर ओव्या म्हणतात त्या चालीत, गायला लागली.

*लेण्याच्या दारामंदी कोण बसलं रुसून*
*सोबती गं माझा, दगड बघतो मोजून*

"हे कुठलं?" मी विचारलं.

"हेच तर म्हणत होते. सगळ्या लेण्यांत. प्रत्येक ठिकाणी एक नवीन जोडायची. तुमचीच गाणी सगळी." ती माझ्याकडे बघत नव्हती, मेथीच्या काड्या गोळा करत होती. "समोर ऐकायला माणूस आहे आणि त्याला ऐकू येत नाही, तेव्हा काहीही म्हणता येतं."

"आणि मागाठाण्याला? त्या बायका का हसत होत्या?"

तिनं काड्या बाजूला ठेवल्या. मान वर केली तशी गळ्यावरची शिवण दिसली. मग म्हणाली,

*कान्हेरीचं दार बंद, कुणी बोलू नका त्याला*
*सोबती गं माझा, दिवस मोजाया चुकला*

मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसलो.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं," मी म्हणालो. "म्हणूनच."